नॅशव्हिल, १९६०: मार खाण्याची तालीम

रानमेथी (धागाकर्ती)

मंडळी, जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मी नागपूरची. हिस्लॉप कॉलेजच्या फाटकासमोरून शाळेत असल्यापासून येजा केली आहे. त्याच कॉलेजात १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण होता, मुलांना खेळ शिकवायचा, हे मला कळलं ते जून २०२४ मध्ये. ते ९५ व्या वर्षी वारले तेव्हा. तोवर नावही ऐकलं नव्हतं. मनाला लागलं, आणि मग जे मिळेल ते वाचत सुटले.

लॉसन ओहायोत वाढलेले, वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर चर्चने त्यांना नागपूरला पाठवलं. गांधीजी जाऊन पाचच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं हयात होती, आणि लॉसन त्यांच्याकडून सत्याग्रह समजून घेत होते. डिसेंबर १९५५ मध्ये एक दिवस त्यांनी 'नागपूर टाइम्स' उघडला, तर त्यात बातमी: अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आहे. लॉसन आनंदाने ओरडलेच. ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या देशात सुरू झालं होतं आणि ते स्वतः नागपुरात बसून होते!

परत गेल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंग भेटले. दोघं एकाच वयाचे, अठ्ठावीस. लॉसन म्हणाले, शिक्षण संपलं की दक्षिणेत येईन. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. नॅशव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. फिस्क विद्यापीठाची, टेनेसी ए अँड आयची, मेहॅरी मेडिकल कॉलेजची, बॅप्टिस्ट सेमिनरीची मुलं यायची. बायबल, गांधी, थोरो यांवर बोलणं व्हायचं, पण खरा अभ्यास वेगळाच. ओळीने खुर्च्या मांडायच्या. हा झाला लंच काउंटर. काहींनी त्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी गुंड व्हायचं. कानाशी जाऊन घाणेरड्या शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली खेचायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही आणि उठूनही जायचं नाही. पडलो तर अंगाचं मुटकुळं कसं करायचं, डोकं कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा का भिडवायचा, एकावर सगळे तुटून पडले तर शेजारच्याने मध्ये आपलं अंग घालून मार कसा वाटून घ्यायचा, या सगळ्याची तालीम. आठवडेच्या आठवडे. ज्याला हे झेपणार नाही असं वाटे त्याने काउंटरवर न बसता दुसरं काम घ्यायचं.

लहानपणापासून माझी समजूत अशी की अहिंसा म्हणजे स्वभाव. काही थोर माणसांना ती जन्मतःच असते, आपल्याला नसते. पण इथे विशी-एकविशीची मुलं ती पोहायला शिकावं तशी शिकली. १३ फेब्रुवारी १९६० ला, बर्फ पडत असताना, १२४ जणांनी शहरातल्या दुकानांत जाऊन काउंटर धरले. तिथून १० मेपर्यंत काय काय झालं ते प्रतिसादांत लिहीनच. तुमचं मत ऐकायचं आहे. हे शिकवता येतं का?

काजवा

वाचतोय. एक अगदी बाळबोध प्रश्न. लंच काउंटर म्हणजे नक्की काय? हॉटेल का?

रानमेथी

बाळबोध कसला, मलाही आधी कळलं नव्हतं. वूलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन्स ही तेव्हाची मोठी दुकानं. साबणापासून पडद्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. त्यातच एका बाजूला लांबलचक काउंटर, समोर गोल फिरती स्टुलं. खरेदी करून थकलात की तिथे बसून सँडविच, कॉफी घ्यायची. काळ्या गिऱ्हाइकाने बाकीच्या दुकानात हवी तेवढी खरेदी करावी, पैसे आनंदाने घेतले जात. स्टुलावर मात्र बसायचं नाही.

आणि हे लक्ष्य कोणी सुचवलं? बायकांनी. शहरात कशाचा जाच सर्वांत जास्त होतो असं लॉसननी विचारलं तेव्हा चर्चमधल्या आयांनी सांगितलं: बाजारात जाण्याचा. हातात पिशव्या, कडेवर मूल, पाय दुखताहेत आणि दोन मिनिटं टेकायला जागा नाही. पोर भुकेने रडतंय, समोर गोरी मुलं खाताहेत, आणि आपल्या पोराला काय सांगायचं? पुरुषांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, कारण खरेदीला ते जात नसत.

टेनेसीकर

रानमेथीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी गेली अकरा वर्षं नॅशव्हिलला राहतो. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात नागरी हक्क चळवळीची एक वेगळी खोली आहे. तिथे मधोमध एक गोल काउंटर बांधला आहे, भोवती स्टुलं. आपण स्टुलावर बसायचं आणि काउंटरवर कोरलेलं वाचायचं. त्यावर आंदोलनाचे दहा नियम आहेत. जॉन लुइस आणि बर्नार्ड लफाएट या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिले होते. आठवतात ते देतो:

मारलं किंवा शिवी दिली तर उलट मारू नका, उलट शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानातल्या देखरेख करणाऱ्याशी गप्पा मारू नका. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका. सगळ्यांशी सौजन्याने वागा. ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, हसू नका असं का?" मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येताना गाडीत आमच्या दोघांच्या लक्षात आलं. समोरच्याला वाटलं की आपल्याला हसताहेत, तर पहिला ठोसा तिथेच पडेल. पहिल्याच दिवशी वेट्रेस इतक्या घाबरल्या होत्या की त्यांच्या हातून बशा पडून फुटत होत्या, असं आंदोलनातल्या एक विद्यार्थिनी डायान नॅश यांनी सांगितलं आहे. अशा वेळी एकवीस वर्षांच्या मुलीला हसू आवरणं सोपं नाही. नियम लिहिणाऱ्यांनी किती बारीक विचार केला होता बघा.

वूलवर्थची ती इमारत अजून उभी आहे. तिच्यासमोरच्या रस्त्याला आता जॉन लुइस यांचं नाव आहे.

सायंतारा

+१. दहा नियमांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. येऊ द्या अजून.

पाणवठा

धागा चांगला आहे, माहिती नवी आहे. पण माझ्या मनात जे येतं ते बोलतो, राग मानू नये.

माझे आजोबा तालुक्याच्या बाजाराला जात तेव्हा चहाच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असे. हॉटेलाबाहेर खांबाला खुंटी, तिच्यावर टांगलेली. आपणच काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की विसळून परत टांगायची. कान तुटलेला कप होता, हे आजोबा दर वेळी सांगायचे. तो कप मी पाहिला नाही, पण डोळ्यांपुढे दिसतो. म्हणून ते स्टूल म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको.

मला खुपतं ते हे. चूक गोऱ्यांची, आणि मार सोसायची तालीम कोणी करायची? काळ्यांनीच. आधी अपमान सोसा, मग अपमान घालवण्यासाठी आणखी मार सोसा, वर तो हसऱ्या चेहऱ्याने सोसा. अमेरिकेतल्या काळ्यांचा जहाल नेता माल्कम एक्स याने त्याच काळात हेच विचारलं होतं. आणि आपल्याकडचा अनुभव काय सांगतो? नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं उन्हातान्हात उभी राहिली, दगड खाल्ले. पाच वर्षं! दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. नॅशव्हिलला तीन महिन्यांत झालं ते नाशिकला पाच वर्षांत का झालं नाही? नाशिकच्या लोकांचं धैर्य कमी होतं असं कोणी म्हणू नये.

रानमेथी

पाणवठादादा, राग कसला मानायचा. तुमच्या आजोबांचा कप वाचून थोडा वेळ काही लिहवेना. तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे तयार उत्तर नाही. इतरांनीही लिहा.

जमाखर्च

पाणवठा यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्या मते गल्ल्यात आहे.

धाग्यात तालमीबद्दल आलं, बहिष्काराबद्दल अजून आलं नाही. मार्च-एप्रिल १९६० मध्ये नॅशव्हिलच्या काळ्या वस्तीने शहराच्या मध्यभागी खरेदी करणंच सोडलं. वेळ नेमकी ईस्टरची निवडली. आपल्याकडे दिवाळीला जसे नवे कपडे, तसे तिकडे ईस्टरला. आई, बाप, पोरं सगळ्यांना नवा जोड. दुकानदारांचा वर्षातला मोठा हंगाम, आणि गिऱ्हाईक फिरकेना. शिवाय मारामारीच्या भीतीने गोऱ्या बायकाही बाजारात येईनाशा झाल्या. दुकानदार दोन्हीकडून कोरडे पडले. त्यांचं हृदयपरिवर्तन झालं असेल तर चांगलंच आहे, पण हिशेबाची वही आधी बदलली.

यात तालमीचा उपयोग असा की मुलांनी एकही हात उगारला नाही, म्हणून शहरात दंगल काळ्यांनी केली असं म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. २७ फेब्रुवारीच्या शनिवारी गुंडांनी मुलांना स्टुलांवरून ओढून मारलं, पाठीवर सिगारेटी विझवल्या. पॉल लाप्राड नावाचा फिस्कमध्ये शिकणारा एक गोरा मुलगा त्यांच्यात बसला होता, त्यालाही सोडलं नाही. आणि पोलिसांनी पकडलं कोणाला? मार खाणाऱ्यांना. ऐंशीच्या वर अटका. पण एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. दुसरी नेली की तिसरी. हे कॅमेऱ्यांसमोर घडत होतं.

पाणवठा

जमाखर्च, हे पटतं. आणि आता माझंच उत्तर मला सुचतं आहे.

महाडला २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. मग आता हे मंदिरातही शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्या घेऊन हल्ले झाले. आमच्यातही माजी सैनिक होते, उलट मारायची ताकद होती. बाबासाहेबांनी आवरलं. म्हणजे शिस्त तीच होती, कोणाकडून उसनी आणावी लागली नव्हती. पण त्यानंतर बहिष्कार कोणी कोणावर टाकला? गावाने आमच्यावर! जमीन त्यांची, काम त्यांचं, दुकान त्यांचं. मजुरी बंद, वाण्याने धान्य देणं बंद. आमच्या हातात बंद करण्यासारखं काय होतं? मंदिराच्या दानपेटीत आमचे पैसे पडत नव्हते, म्हणून ते न पडल्याने कोणाचं काही अडलंही नाही. तळ्याचा निकाल लागला तो कोर्टात, १९३७ साली.

नॅशव्हिलच्या काळ्या माणसाच्या खिशात त्या दुकानाला हवे असलेले पैसे होते. काळारामाच्या पायरीवरच्या माणसाकडे तेवढंच नव्हतं. धैर्य दोघांकडे सारखं. मार सोसायचा तर समोरच्याला आपली गरज कुठे आहे हे शोधून तिथेच सोसायचा, असं मी म्हणेन. तरीही, मार सोसणं हे पीडितावरच येतं, ही माझी तक्रार मी मागे घेत नाही.

रानमेथी

मागे घेऊही नका.

या दृष्टीने मी विचारच केला नव्हता. त्या आयांनी मंदिर, शाळा, बस सोडून बाजार सुचवला, तो आपला सर्वांत जास्त अपमान होतो म्हणून. पण सर्वांत जास्त पैसेही तिथेच जात होते. दुखरी जागा आणि दुकानदाराची गरज एकाच ठिकाणी सापडली.

काळा_कोट

वकिलीतला माणूस, म्हणून कोर्टाचं सांगतो.

त्या ऐंशी मुलांना शंभर डॉलरचा जामीन सांगितला. मुलांनी भरायला नकार दिला. रक्कम उतरवत पाच डॉलरवर आणली, तरी नकार. शेवटी रात्री उशिरा तसंच सोडावं लागलं. खटला उभा राहिला तेव्हा बचावाला झेड. अलेक्झांडर लूबी होते, शहरातले नावाजलेले कृष्णवर्णीय वकील. ते युक्तिवाद करत असताना न्यायाधीशांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. लूबी हात टेकून म्हणाले, काय उपयोग! मी स्वतः वीस वर्षं कोर्टात उभा राहतो आहे, माझ्याकडे न्यायाधीशाने कंटाळून जांभई दिली तरी मला दिवसभर टोचत राहतं. पाठ फिरवलेल्या माणसासमोर बोलत राहणं मला जमलं नसतं.

दंड झाला माणशी पन्नास डॉलर. डायान नॅश उभी राहिली आणि तिने कोर्टाला सांगितलं की दंड भरला तर ज्या अन्यायाने आम्हाला पकडलं त्यालाच हातभार लावल्यासारखं होईल. तिने आणि आणखी काहींनी तुरुंग पत्करला. तुरुंगाची भीती हे सरकारचं शेवटचं हत्यार. तेच बोथट झालं की पुढे करायचं काय? मुलांच्या घरच्यांची अवस्था काय झाली असेल तेही मनात येतं. अनेकांचे आईबाप दक्षिणेतले गरीब शेतमजूर. मुलगा कॉलेजात गेला म्हणून अभिमानाने सांगणारे, आणि त्याला अटक झाल्याचं कळतं. जॉन लुइसचे आईवडील अलाबामातले कष्टकरी शेतकरी, त्यांना फार मोठा धक्का बसला होता.

लॉसन तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. मार्च १९६० मध्ये या आंदोलनामुळे त्यांना तिथून काढून टाकलं. निषेध म्हणून तिथल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. पुढे विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००६ मध्ये ते त्याच विद्यापीठात शिकवायला गेले.

टेनेसीकर

लूबींचं पुढचंही सांगायला हवं. १९ एप्रिल १९६० ला पहाटे त्यांच्या घरावर डायनामाइट फेकलं. घराचा पुढचा भाग उडाला. समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या शंभराहून अधिक काचा फुटल्या. नवराबायको मागच्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. त्याच दिवशी हजारो माणसं चालत महापौरांच्या कचेरीवर गेली. घोषणा नाहीत, काही नाही. नुसते पावलांचे आवाज. इथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं की रस्त्याकडेच्या दुकानांतले गोरे कामगार दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांनाही बोलायला सुचत नव्हतं.

निवृत्त_बाई

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. मला या सगळ्यात डायान नॅशचा प्रश्न फार मोठा वाटतो.

कचेरीच्या पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. आधी एका तरुण धर्मोपदेशकाने, सी. टी. व्हिव्हियन यांनी, कडक निवेदन वाचलं. महापौर चिडले, दोघांत शब्दाला शब्द लागला. आपण शहरासाठी काय काय केलं हे महापौर सांगायला लागले. मग ही एकवीस वर्षांची मुलगी पुढे झाली. तिने महापौरांना अधिकार विचारले नाहीत, कायदा विचारला नाही. एवढंच विचारलं की केवळ वंश किंवा रंग बघून माणसाशी भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौरांनी माणूस म्हणून उत्तर दिलं. माल विकायचा आणि सेवा नाकारायची, हे नीतीला धरून आहे असं मी म्हणू शकत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा मथळा होता: काउंटर सर्वांना खुले करा, महापौर.

वर्गात मुलं भांडत तेव्हा मी "कोणी सुरू केलं?" असं विचारायचे. कधीच खरं उत्तर आलं नाही. समोरच्याला स्वतःचा बचाव करावासा वाटणार नाही असा प्रश्न शोधणं किती अवघड असतं! तिने तो पायऱ्यांवर, जमावासमोर, बॉम्ब पडला त्याच दिवशी शोधला.

सायंतारा

लॉसन यांच्या रुमालाची गोष्ट कोणाला माहीत आहे का? कुठेतरी उल्लेख वाचला होता.

रानमेथी

हो. एका आंदोलनाच्या वेळी गोऱ्या पोरांची एक टोळी एका विद्यार्थ्याला लाथा घालत होती. लॉसन मध्ये पडले. टोळीचा म्होरक्या, काळं चामड्याचं जाकीट घातलेला, त्यांच्यावर थुंकला. लॉसननी त्याच्याकडे रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने काढून दिला! लॉसननी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? होती. मग तिच्यात काय काय फेरफार केले आहेत यावर दोघं बोलत राहिले, आणि तेवढ्यात मार खाणारा विद्यार्थी उठून उभा राहिला होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा चमत्कार वाटला होता. आता त्यात ते तळघर दिसतं. थुंकी अंगावर पडल्यावर पहिल्या क्षणी काय करायचं हे त्यांनी स्वतः शेकडो वेळा करून आणि करवून घेतलं होतं.

काजवा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. शेवटी काउंटर उघडले तो दिवस कसा होता?

रानमेथी

१० मे १९६०, मंगळवार. दुकानदार आणि विद्यार्थी यांच्यात आधीच ठरलं होतं की गाजावाजा करायचा नाही, वर्तमानपत्रांनीही फार उचलून धरायचं नाही. सहा दुकानं तयार झाली होती, पूर्ण शहर नव्हे. सिनेमाघरांसाठी पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहावं लागलं, आणि बाकीच्या अनेक ठिकाणांसाठी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

तर त्या दुपारी काळी माणसं दोघं-दोघं, तिघं-तिघं अशी आली. स्टुलावर बसली. वेट्रेसने विचारलं काय आणू. त्यांनी सांगितलं, तिने आणून दिलं. खाल्लं, पैसे दिले आणि घरी गेली.